पत्रिकेतल्या चार रिकाम्या जागा

कॉम्प्युटरला अक्षर कळत नाही, त्याला फक्त आकडा कळतो. हे वाक्य मी तेविसाव्या वर्षी रोज सकाळी फळ्यावर लिहायचे आणि त्याखाली रेघही ओढायचे. मोठा ए म्हणजे पासष्ट, छोटा ए म्हणजे सत्त्याण्णव. स्पेसबार दाबला की जी रिकामी जागा पडते ती बत्तीस. माझ्या वर्गातल्या मुली आणि नोकरी सांभाळून येणारे दोन-चार क्लार्क हे आकडे पाढ्यासारखे म्हणायचे. रिकामी जागा म्हणजे काहीच नाही असं समजू नका, मशीनच्या लेखी तेही एक अक्षरच आहे, असं मी त्यांना दरडावून सांगायचे. मला दरडावायला फार आवडायचं. तेच स्वतः विसरल्यामुळे मी एकदा अख्ख्या गावाच्या तोंडी कशी गेले, ते आता सांगायला हरकत नाही.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. ऐरोलीत एका हार्डवेअरच्या दुकानाच्या माळ्यावर आमचा क्लास होता. तीन मशीन, एक एसी, एक खडखडणारा प्रिंटर आणि खाली लाल कार्पेट. चपला जिन्याच्या पहिल्याच पायरीवर काढाव्या लागत. धुळीनं मशीन बिघडतं असं क्लासच्या मालकांचं मत होतं. त्यांनी स्वतः कधी मशीनला हात लावला नाही, पण दसऱ्याला मॉनिटरला झेंडूचा हार घालून कीबोर्डवर हळदकुंकू तेच वाहायचे. ते कुंकू 'ई'च्या बटणाखाली जाऊन बसायचं आणि दिवाळीपर्यंत 'ई' उमटायचा नाही.

आम्ही मूळचे साताऱ्याकडचे. वडील तुर्भ्याच्या बाजारात माथाडी होते. ऐरोलीच्या गावठाणात एका दुमजली घरात वरच्या दोन खोल्या आम्ही भाड्यानं घेतल्या होत्या. घरमालकांना मी काका म्हणायचे. त्यांची भातशेती आणि मिठागर दोन्ही नवं शहर वसवताना सरकारजमा झालं होतं. पुढे त्यांनी एका कारखान्यात नोकरी केली, तिथून नुकतेच निवृत्त झाले होते. शेजारच्या घरात त्यांचे थोरले भाऊ राहायचे. दोन घरांत भिंत एक, पुढचा ओटाही एकच. पण ओट्याच्या मधोमध काकांनी मातीच्या कुंड्यांची रांग लावली होती, कारण दोघं भाऊ सहा वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते.

बोलत नव्हते म्हणजे थेट बोलत नव्हते. नळाला पाणी आलं की थोरले काका ओट्यावर येऊन आकाशाकडे बघत म्हणायचे, "पानी आलं." मग माझी आई जिन्याच्या कठड्यावरून वाकून खाली काकांना सांगायची, "आवो, थोरलं म्हनत्यात पानी आलंया." काका तिच्याकडे बघून म्हणायचे, "ऐकलं मी." हे रोज चालायचं. आईला ही नोकरी मनापासून आवडायची. आजारपण असलं तरी पाण्याच्या वेळेला ती कठड्यापाशी हजर असायची.

भांडण कशावरून, तर लग्नपत्रिकेवरून. आमच्याकडे देशावर पत्रिका म्हणजे तारीख, वार, स्थळ. खाडीकाठच्या या गावांत तसं नाही. इथे पत्रिकेत सगळ्या भाऊकीची नावं छापतात, घरटी एक तरी असतंच, आणि लोक पत्रिका हातात आली की मुहूर्ताच्या आधी ती यादी वाचतात. आपलं नाव आहे का, आणि असलं तर कोणाच्या खाली. सहा वर्षांपूर्वी थोरल्यांच्या मुलाच्या लग्नात काकांचं नाव थोरल्यांच्या साडूच्या खाली छापलं गेलं. सख्खा भाऊ साडूच्या खाली. थोरले म्हणाले, प्रेसवाल्यानं केलं. काकांनी ते मानलं नाही. ते हळदीला गेले नाहीत, लग्नाला गेले नाहीत, आणि तिसऱ्या दिवशी बाजारातून कुंड्या घेऊन आले.

आता काकांच्या धाकट्या मुलीचं लग्न ठरलं होतं, जासईला. ती माझ्याच वयाची, माझी मैत्रीण. गच्चीवर कपडे वाळत घालताना ती मला म्हणाली, "मोठा बाबा आला नाय ना, तर मी हळदीला बसनार नाय."

थोरल्या काकांना ती मोठा बाबा म्हणायची. लहानपणी तिला होडीत घालून खाडीत न्यायचे ते. चिंबोरी, म्हणजे खेकडा, पाठीमागून कशी धरायची ते त्यांनीच तिला शिकवलं होतं. ही सहा वर्षंही ती मागच्या दारानं त्यांच्याकडे जात होती, आणि तिच्या वाटणीची चिंबोरी त्या घरात राखून ठेवलेली असायची. हे काकांना माहीत नव्हतं, किंवा माहीत नसल्याचं ते दाखवत होते. तिनं डोळे पुसले नाहीत, नुसती एकच चादर तीनदा झटकली. मला तिची फार कीव आली, आणि दोन्ही म्हाताऱ्यांचा रागही आला.

काकांची अडचण वेगळी होती. भावाचं नाव वर घातलं तर आपण नमलो असं होणार. खाली घातलं तर सूड घेतला असं होणार, आणि मग भाऊ येणारच नाही. नाव न घालणं तर शक्यच नव्हतं. चार दिवस ते एक कोरा कागद खिशात घेऊन फिरत होते. मला राहवलं नाही. मी म्हटलं, "काका, नावं अ ते ज्ञ लावू. कॉम्प्युटर लावेल. मग कोण वर आणि कोण खाली, हा प्रश्नच येत नाही."

काकांनी कागद खिशात ठेवला. "म्हंजे नंबर मी नाय लावला, मशीननी लावला?"

"हो."

"मंग भांडायला कोनाकडं जातील?"

"क्लासमध्ये येतील."

ते इतके खूश झाले की त्यांनी काकूंना हाक मारून मला चहा द्यायला सांगितला. मीही खूश होते. गावात एवढी वर्षं जे जमलं नाही ते मी एका संध्याकाळी सोडवलं, असं मला वाटत होतं. फक्त मैत्रिणीनं विचारलं, "मोठ्या बाबाचं नाव ह वरून. ह कुठं येतो?"

"जवळजवळ शेवटी," मी म्हणाले.

ती म्हणाली, "तू हुशार हायस, पन जरा डोकं पन वापर." मी तिला समजावलं की नियम म्हणजे नियम, तो सगळ्यांना सारखा असला की कोणाला वाईट वाटत नाही. तेविसाव्या वर्षी माणसाला असं वाटतं.

दुसऱ्या दिवशी काका क्लासमध्ये आले. पांढरा शर्ट, इस्त्रीची पँट. जिन्याखाली चपला काढल्या, मशीनला दोन बोटांनी नमस्कार केला आणि माझ्या शेजारच्या स्टुलावर बसले. कागद कोराच होता. त्यांनी डोळे मिटले आणि गावदेवीच्या देवळापासून मनातल्या मनात चालायला सुरुवात केली. उजव्या हाताचं पहिलं घर, त्यातले तिघं. मग पिंपळाखालचं घर. मग विहिरीपलीकडची दोन घरं. ते नाव सांगायचे, मी टाइप करायचे, मग स्वल्पविराम, लगेच पुढचं नाव. स्वल्पविरामानंतर जागा सोडायची नाही, हा माझ्याच वर्गातला नियम. नावापुढचं 'श्री.' मी मुद्दामच गाळलं होतं, नाहीतर सगळं गाव श मध्ये गेलं असतं. ते छापताना प्रेसवाला लावणार होता.

असं करत काका आपल्या गल्लीत आले. स्वतःच्या घराच्या अलीकडचं घर सांगितलं आणि तिथून एकदम पलीकडच्या घरावर गेले. मधली दोन घरं गाळली. मग नावड्याचे पाहुणे झाले, जासईचे झाले, तळ्याकाठची मंडळी झाली. सगळं संपलं आणि काका गप्प झाले.

मला हात स्वस्थ ठेवता येत नाहीत. काही सुचत नसलं की अंगठा स्पेसबारवर पडत राहतो. वर्गात कोणी असं केलं की मी ओरडायचे. काका गप्प होते तेवढ्यात मी चार वेळा स्पेसबार दाबला असेन. मग त्यांनी भावाचं नाव सांगितलं. मधलं नाव वडिलांचं, म्हणजे त्यांच्या स्वतःच्याही वडिलांचं. मी नाव टाइप केलं आणि फाइल सेव्ह केली.

पुढचं काम माझं. मी बेसिक या कॉम्प्युटरच्या भाषेत प्रोग्राम लिहिला. सगळी नावं एका लांबलचक ओळीत होती, ती तोडायची होती. बेसिकमध्ये त्यासाठी तयार हुकूम, म्हणजे कमांड, नव्हता. म्हणून स्वल्पविराम शोधायचा, तिथवरचा तुकडा मोडून बाजूला ठेवायचा, उरलेल्यात पुढचा स्वल्पविराम शोधायचा. आई गवार मोडते तसंच. मग ते तुकडे अ ते ज्ञ लावायचे. पण आमच्या मराठी फॉन्टमध्ये अक्षरांचे आकडे कोणी कसेही दिलेले होते, ट चा आकडा क च्या आधी यायचा. म्हणून मी आलेखाच्या वहीवर कोष्टक केलं आणि प्रत्येक अक्षराला आपला नवा आकडा दिला, अ पासून क्रमानं, शंभरच्या पुढे. ठाण्याच्या ज्या प्रेसमध्ये पत्रिका छापायची होती त्यांचा फॉन्ट आणखी तिसराच. आमच्याकडचा क तिकडे गेला की ढ व्हायचा. त्यासाठी दुसरं कोष्टक. दोन दिवस मी जेवतानाही आकडेच पुटपुटत होते, आणि आई शेजारणीला सांगत होती की पोरीला नजर लागलीय.

तिसऱ्या दिवशी प्रोग्राम चालला. काका प्रिंट न्यायला आले होते. प्रिंटर खडखडला, कागद बाहेर आला आणि मी बघायच्या आत काकांनी तो फाडून घेतला. खिडकीपाशी जाऊन ते बोट ठेवून वाचायला लागले. पहिल्याच नावावर बोट थांबलं. मग ते सावकाश खाली गेलं, शेवटच्या नावापर्यंत, आणि परत वर आलं.

मी मान वाकडी करून पाहिलं. यादीत सगळ्यात पहिलं नाव थोरल्या काकांचं होतं. अ च्याही वर ह.

मी कागदाला हात घातला. "काका, चुकलंय. द्या इकडे, पाच मिनिटांत करते."

पाचाची पंधरा झाली, पण चूक सापडली. त्या नावाच्या आधी चार रिकाम्या जागा होत्या. अक्षरांना मी शंभरच्या पुढचे आकडे दिले होते, पण रिकामी जागा कोष्टकात घेतलीच नव्हती. तिचा मूळचा बत्तीस तसाच राहिला. बत्तीस शंभरापेक्षा लहान, म्हणून ते नाव सगळ्यांच्या आधी जाऊन बसलं. मी हे सगळं काकांना पडद्यावर बोट ठेवून समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकलं.

"म्हंजे मी गप बसलेलो, ते पन मशीननी मोजलं?"

"तुमचं नाही मोजलं, माझा अंगठा मोजला. एका ओळीचं काम आहे. नावाआधीच्या जागा छाटायचा हुकूम आहे बेसिकमध्ये, मी घालायला विसरले."

"राहू दे."

"काय राहू दे?"

"हाय तसं राहू दे."

मी भडकले. अ ते ज्ञ म्हणायचं आणि ह पहिला कसा? पाचशे पत्रिका छापल्या जाणार. क्लासमधल्या मुली वाचतील, शाळेतले मास्तर वाचतील. माझा पहिला छापून येणारा प्रोग्राम आणि त्यात ढळढळीत चूक. लोक मला हसतील.

"तुला हसतील ना?" काका म्हणाले. "हसू दे. मला तर नाय हसनार." मग आवाज खाली करून म्हणाले, "पोरी, कोनी पन विचारलं तरी एकच बोल. मशीननी केलं. माजी शप्पथ हाय तुला."

मी शपथ घेतली, पण नाक मुरडूनच. घरी येऊन आईवर उगाच चिडले.

पत्रिका छापून आल्या. काकूंनी कोपऱ्यांना हळद लावली. थोरल्यांची पत्रिका काकूंनी कुंड्यांवरून हात लांब करून त्यांच्या सुनेच्या हातात दिली. गावात दोन दिवसांत बोभाटा झाला. मास्तरांनी मला रस्त्यात थांबवून बाराखडी पुन्हा शिकणार का म्हणून विचारलं. पण माझ्यापेक्षा काकांनीच घोळ वाढवला. जो भेटेल त्याला ते ओट्यावर उभं राहून मोठ्यानं सांगायचे, "मी नाय केलं. मशीननी केलं." भिंत एक, ओटा एक. पलीकडे ऐकू जात नसेल असं तर शक्यच नव्हतं.

हळदीला तीन दिवस राहिले तेव्हा मैत्रीण वर आली. डोळे सुजलेले. "मोठा बाबा नाय येनार. बोलला, मशीनच्या आमंतरनाला मी जात नाय." मग ती मला जे बोलली ते मी लिहीत नाही. त्यातला अर्धा राग बापावर होता आणि अर्धा माझ्यावर. मी तिला खरं सांगू शकत नव्हते, कारण शपथ. मी नुसती उभी राहिले आणि तिनं माझ्या नियमाचं, माझ्या मशीनचं आणि माझ्या हुशारीचं जे केलं ते ऐकून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी फळ्यावर पासष्ट आणि सत्त्याण्णव लिहीत होते. जिन्यावर पावलं वाजली. दारात थोरले काका. उंच, काळेसावळे, एका हातात चपला आणि एका हातात पत्रिका. चपला खाली ठेवायच्या असतात हे त्यांना माहीत नव्हतं. ते सरळ माझ्यापाशी आले आणि काका बसले होते त्याच स्टुलावर बसले.

"माजं नाव पयलं कोनी घातलं? खरं सांग."

"मशीननं," मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली. "सा वर्सांपूर्वी मी बोललो, प्रेसवाल्यानी केलं. त्यानी मानलं नाय. आता तो बोलतो मशीननी केलं. मंग मी का मानू?" ते उठले. "बस, एवढंच ऐकायचं होतं."

ते दारापर्यंत गेले. माझ्या डोळ्यांपुढे मैत्रिणीचे सुजलेले डोळे आले. आणि खरं सांगायचं तर मशीनवर ढकललेलंही मला सहन होत नव्हतं. मशीन आपणहून काही करत नाही, हे मी रोज दरडावून सांगत होते, आणि माझ्यासमोर बसलेल्या आठ जणांना ते पाठ होतं. मी म्हटलं, "काका, थांबा. दाखवते."

फ्लॉपी घातली, फाइल उघडली. शेवटच्या नावाशी आले. बाण दाबत कर्सर मागे नेला. नाव संपलं तरी कर्सर मागे सरकत राहिला. एक, दोन, तीन, चार.

"इथं काय नाय," ते म्हणाले.

"इथे आमचे काका थांबले होते. सगळं गाव सांगून झाल्यावर. तुमचं नाव सांगायच्या आधी."

मी त्यांना बत्तीस सांगितला, शंभर सांगितला. त्यांना किती कळलं कोण जाणे. मग मी शपथ मोडली. "नाव मशीननंच वर आणलं, ते खोटं नाही. पण मी ते खाली घ्यायला निघाले होते. काकांनी घेऊ दिलं नाही."

"त्यानी बगितलेलं? छापायच्या आधी?"

"बोट ठेवून वाचलं होतं. दोनदा."

थोरले काका पुन्हा स्टुलावर बसले. चपला अजून हातातच होत्या. ते त्या लुकलुकणाऱ्या कर्सरकडे बघत राहिले. आठही विद्यार्थी मान खाली घालून वहीत लिहिल्यासारखं करत होते.

"मी पन बगितलेलं," ते म्हणाले. मला कळलं नाही. "त्या टायमाला. चूक प्रेसवाल्याची, ते खरं. पन प्रूफ माज्याकडं आलेलं आधी. बोलू शकलो असतो, भावाला वर घे. साडू बाजूला बसलेला. लाजंनी गप राहिलो." त्यांनी पत्रिका शर्टाच्या खिशात घातली आणि निघून गेले. जाताना चपला दारातच पायात चढवल्या आणि लाल कार्पेटच्या कडेला मातीचा ठसा उठला. मालकांना मी तो दाखवला नाही.

हळदीच्या दिवशी दुपारी मी आणि आई कठड्यापाशी होतो. खाली रस्त्यावर मांडव घातला होता. नवरीला ओट्यावर बसवायचं होतं आणि कुंड्यांमुळे पाट मावत नव्हता. काकू म्हणत होत्या रस्त्यातच बसवू. तेवढ्यात पलीकडचं दार उघडलं. थोरले काका बाहेर आले आणि कोणाकडेही न बघता पहिली कुंडी उचलून त्यांनी भिंतीकडे नेऊन ठेवली. मग दुसरी. मांडवातल्या बायका गायच्या थांबल्या. काका दारात उभे राहून बघत होते. शेवटची कुंडी सगळ्यात मोठी होती, जास्वंदीची. थोरले वाकले, तसे काका पुढे झाले.

"ती नको उचलू," काका म्हणाले. "कंबर धरेल तुजी."

सहा वर्षांतलं ते पहिलं वाक्य. थोरले वाकलेलेच राहिले. कुंडीकडे बघत म्हणाले, "त्या पत्रिकेचं प्रूफ मी बगितलेलं. छापायच्या आधी."

"ठाऊक हाय मला," काका म्हणाले. "प्रेसवाल्यानी तवाच सांगितलेलं."

मी कठडा घट्ट धरला. म्हणजे काकांना पहिल्यापासून माहीत होतं. त्या दिवशी खिडकीपाशी उभं राहून बोट ठेवताना, मला राहू दे म्हणताना, सगळं माहीत होतं. आणि मी त्यांना बत्तीस आणि शंभर समजावत बसले होते.

"धर तिकडनं," काका म्हणाले. दोघांनी मिळून कुंडी उचलली. मैत्रीण पिवळी साडी नेसून दारात आली होती, ती तिथेच रडायला लागली आणि काकूंनी तिला पदरानं तोंड पुसायला लावलं. आता हळद लागायच्या आधी रडू नको, नंतर रड, असं त्या म्हणत होत्या.

लग्न चांगलं झालं. पुढे काकांनी मला एकदा विचारलं, की तू त्याला काय सांगितलंस. मी म्हटलं, मशीननं केलं म्हणून सांगितलं. त्यांनी माझ्याकडे नीट बघून घेतलं आणि विषय बदलला. त्या वर्षभरात गावातले आणखी तिघं पत्रिकेची यादी घेऊन क्लासमध्ये आले. प्रत्येकानं जाताना हळूच एका नावावर बोट ठेवून, याच्याआधी त्या रिकाम्या जागा टाकशील का, असं विचारलं. जागा छाटायची ती एक ओळ मी प्रोग्राममध्ये शेवटपर्यंत घातली नाही.

पण मला आठवते ती लग्नानंतरची पहिली सकाळ. पाण्याची वेळ झाली. आई सवयीनं ओले हात पदराला पुसत कठड्याकडे निघाली. खालून थोरल्यांचा आवाज आला, "पानी आलं रे." आणि लगेच काकांचा, "हां, बादली लावतो." आई अर्ध्या वाटेत थांबली. थोडा वेळ उभी राहिली, मग आत येऊन गवार मोडत बसली.